टेपचं दुसरं टोक

मी कोतवाल. माझं काम टोक धरायचं.
साहेब आकडा वाचतात, मी टोक धरतो.
शाळेचं कुंपण, स्मशानाची शेड, नळपाण्याची टाकी,
पंधरा वर्षांत गावात जे जे मोजलं गेलं
त्याचं शून्य माझ्या बोटांत होतं.

यंदा किनारा मोजायला आले.
दगडी बंधारा मंजूर. चारशे मीटर.
मोजणीदार करमळकरांनी छत्री उघडली,
नकाशा गुडघ्यावर पसरला, बोट ठेवलं :
इथून इथपर्यंत.
'इथून' म्हणजे सुरूच्या बनातली नवी कॉटेजेस,
'इथपर्यंत' म्हणजे त्यांच्याच पोहण्याच्या तलावाची शेवटची फरशी.
पुढे गाबीतवाडा.
तिथे नकाशाला घडी होती.

भिंत संपते तिथे समुद्र थांबत नाही, वळतो.
खाडीपलीकडच्या गावात पाहिलंय मी :
बंधाऱ्याच्या शेपटीशी तीन माड,
मुळं हवेत लोंबत,
अंधारात चप्पल चाचपणाऱ्या पायांसारखी.
पण बोललो नाही.
शून्यानं बोलायचं नसतं.

द्वारका जोगल सुकटीवरचे कावळे हाकत होती.
म्हणाली, "झिला, टेप खंयसून लावतंस?
पाणी हयसून येणा नाय."

खरंच. तौक्तेच्या रात्री आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून जागत होतो
आणि पाणी मागून आलं,
खाडीतून, खारबंधाऱ्याच्या मोडक्या उघाडीतून.
फळी कधीच कुजली होती. अर्ज तीन झाले होते.
कुणग्यांत मीठ बसलं.
विहिरीच्या पाण्यात अजून डाळ शिजत नाही.

तिनं दाराच्या चौकटीवरची पांढरी रेघ नखानं खरवडली.
"ही बगा तुमची भरतीरेषा. चाटून बगा."
करमळकरांनी चाटली नाही.
मी चाटली.

मग तिनं टोक माझ्या हातातून घेतलं
आणि समुद्राकडे पाठ करून चालू लागली.
शौचालयांच्या मागून, होडीच्या सांगाड्याखालून,
हसीना सोलकरच्या गटानं चिखलात खोचलेल्या
कांदळाच्या शेंगांना वळसा घालत
(एकेकीला चार चार पानं फुटलीत),
आणि तीस मीटरवर टेप संपली.

कुणीतरी तांडेलांच्या मांगरातून रापणीचा जुना दोर आणला.
टेपला गाठ मारली.

रापणीचा कायदा साधा आहे :
दोराला हात लागला की वाटा.
विधवेला वाटा, शाळा बुडवलेल्या पोराला वाटा,
वाटेनं जाता जाता थांबलेल्या पाहुण्यालासुद्धा मूठभर तारली.
कुणी हाक मारली नाही, तरी माणसं येत गेली.
दोर चिखलात पडू नये म्हणून एकेकानं धरला,
कमरेएवढ्या उंचीवर,
आणि मीही धरला, मधेच कुठेतरी,
हसीनाच्या मुलाच्या आणि तांडेलांच्या आंधळ्या भावाच्या मधे.
दोराला वजन असतं. टेपला नसतं.

उघाडीपाशी पोचलो तेव्हा भरती लागली होती.
फळीच्या भोकातून पाणी आत येत होतं,
घाई नसलेल्या सावकारासारखं.

करमळकर म्हणाले, "एवढं अंतर अंदाजपत्रकात बसत नाही."
"अंदाज कोणाचो?" द्वारकानं विचारलं. "नि पत्रक कोणाचां?"
त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.
पेन्सिलीनं.

चौथा अर्ज त्या रात्री मी लिहिला.
बंधारा वाड्यापर्यंत न्यावा, नाहीतर बांधूच नये.
उघाडी आधी.
कांदळाच्या रोपांवर खडी टाकू नये.
खाली मोजणाऱ्यांची नावं, त्रेचाळीस, अंगठे धरून.
अंतर : एकशे बारा वाव.

तालुक्याला करमळकरांनी तो दोनदा वाचला.
चष्मा काढला.
"वाव म्हणजे नक्की किती मीटर?"

द्वारका टेबलासमोर गेली
आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.