चौथी ओळ

खिडकीबाहेरचा थर्मामीटर उणे एकतीसवर,
आणि माझ्या स्वयंपाकघरात तीन म्हातारे
ऊन फार तापेल म्हणून काळजीत.

एस्को म्हणतो, सकाळी सहा दहाचीच वेळ घ्या,
नऊनंतर तिथं माणूस उकडून निघतो.
राइमोच्या मिशीतला बर्फ अजून पुरता विरघळलेला नाही.
थेंब थेंब गळतोय नकाशावर,
थायलंडच्या आखातात.

वेइक्कोची वही चौकटींची.
विमान रोव्हानिएमीहून, मग हेलसिंकी, मग बँकॉक,
काठ्यांच्या पिशवीचं वजन,
आणि कॅडीला बक्षीस किती, यावर अर्धा तास.
एस्कोच्या मते मागच्या खेपेला फार दिलं.
राइमो म्हणाला, ती बाई नखशिखान्त झाकलेली, नुसते डोळे दिसायचे,
त्या डोळ्यांनी तिनं कमरेएवढ्या गवतातून तुझा चेंडू काढला,
तुला तुझा चष्मा सापडत नाही.
नाव काय तिचं, मी विचारलं.
तिघं कॉफीत बघत राहिले.
पाठीवर नंबर होता, वेइक्को म्हणाला. एकशे सत्तेचाळीस.

मी वेलदोड्याचा पाव कापते.
सुरी अजून सवयीनं चार तुकडे करते.
टाइस्तोचा मी खाते, ओट्याशी, उभ्यानं.

घोडं पेंड खातंय ते इथंच:
सवलत चौघांना.
तिघंच गेले तर रिसॉर्टवाले कुणी परका जोडून देतात,
एका वर्षी एक दंतवैद्य मिळाला होता,
हसलं की दात बघायचा.
औषधवाल्या कालेर्वोला विचारावं? त्याची पाठ.
राइमोच्या जावयाला? हरला की दोन दिवस बोलत नाही.
कॉफीचं दुसरं भांडं चढलं.

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षं मी थर्मास भरले,
विजारीच्या खिशातून गुणांची कार्डं काढली
आणि मग विजारी भिजत घातल्या.
हा खेळ मला धुण्यातून कळला.

टाइस्तोच्या काठ्या सौनाच्या बाहेरच्या खोलीत होत्या.
विकायच्या म्हणून पुसायला घेतल्या
आणि सात नंबरची हातातच राहिली.
नोव्हेंबरात तळं पक्कं गोठलं.
दुपारी दोन तास जो निळा उजेड येतो
त्यात मी बर्फावर नारिंगी चेंडू मारत सुटले.
पहिले आठ दिवस नुसता भुगा उडाला.
मग एकदा आवाज आला,
घट्ट बसलेलं बरणीचं झाकण सुटावं तसा,
आणि चेंडू गेला, जातच राहिला.
बर्फावर तो थांबत नाही.
हा खेळाचा गुण की खोड, माझं अजून ठरलेलं नाही.
दोन चेंडू कोल्ह्यानं नेले.

वही इकडे दे, मी म्हणाले,
आणि चौथ्या ओळीवर लिहिलं, आउने ह्युवारिनेन.
वेइक्कोनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
हँडिकॅप? एस्कोनं विचारलं.
थट्टा नव्हती. रकाना होता.

कुणी मोजलेला नाही.
आपल्या धक्क्यापासून हिएतालांच्या होडीघरापर्यंत
अकरा फटके.
वारा तोंडावर असला तर तेरा.

राइमो उठून खिडकीशी गेला.
पलीकडच्या काठावर एक दिवा, तेवढंच दिसतं या वेळी.
बराच वेळ उभा होता.
अकरा, तो म्हणाला. काचेला.

आता मंगळवारी केमियार्वीला जायचं,
पासपोर्टची मुदत टाइस्तोच्या आधीच संपली होती.
फोटोत हसायचं नसतं म्हणे.
उन्हाची टोपी आणायची, रुंद काठाची.
आणि तिथं गेल्यावर त्या बाईला नाव विचारायचं,
नीट उच्चारता येईपर्यंत
पुन्हा पुन्हा विचारायचं.
हे मात्र वहीत लिहिलं नाही.
वहीत वेइक्को फक्त खर्च लिहितो.