तिसावा प्रवासी

रात्रीचे साडेदहा. मँचेस्टर विमानतळ,
आगमनाचा सरकता दरवाजा.
माझ्या मुठीत मोजणीयंत्र, लिंबाएवढं.
दर माणसामागे एक टिक.
तिसाव्याला थांबवायचं,
हसायचं, पण फार नाही,
आणि विचारायचं: कुठून आलात, कशासाठी गेला होतात,
किती रात्री राहिलात, किती खर्च केलात.

गेल्या वर्षी एका विमानातून सहा-सहा तिसावे यायचे.
मॉरीन जोडीला असायची, मला मडूला म्हणायची,
"मडूला, तो बघ, तुझा निळ्या टोपीवाला!"
आता मॉरीनची पाळी कापली आहे
आणि तिसावा यायला वेळ लागतो.
कधी बावीसवर अडकून राहते मी पंधरा मिनिटं.
वर्तमानपत्रात मंदीचे पानभर आलेख असतात.
मला ती बावीस आणि तेवीसच्या मधे ऐकू येते,
सामानाच्या पट्ट्याची मोटर थांबते तेव्हा.

खर्चाच्या प्रश्नाला लोक आधी एकमेकांकडे बघतात.
बर्नलीचं एक जोडपं, अलिकांतेहून,
नाकं उन्हाने सोललेली, दोघांत मिळून एक पाठपिशवी.
तो म्हणाला चारशे पौंड. ती म्हणाली तीनशे एक्काहत्तर,
आणि पावत्या काढून माझ्यासमोरच बेरीज करायला लागली:
बस, टोमॅटो, पाणी, पुन्हा पाणी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मला आईने शिकवलं.
ह्यांनी अंथरूणच गुंडाळून सीटखाली बसवलं होतं,
वरच्या कप्प्याचे पैसे वेगळे म्हणून.

डब्लिनहून परतलेला रॉचडेलचा प्लंबर.
प्रवासाचं कारण?
"काम शोधायला."
माझ्याकडे सुट्टी आहे, व्यवसाय आहे, नातेवाईक आहेत,
शिक्षण आहे, इतर आहे.
मी इतर दाबलं.
मिळालं का, हा प्रश्न यादीत नाही.
मी विचारला. त्याने खांदे उडवले
आणि मला च्युइंगम दिला.

आणि मार्चमधल्या एका मंगळवारी मिस्टर एन्टविसल,
वय एकोणऐंशी, पाल्माहून.
किती रात्री?
शून्य.
त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून मी मोठ्याने विचारलं.
"सकाळी गेलो, आत्ता आलो.
दरवर्षी दहा रात्री राहायचो. यंदा हॉटेलने दर वाढवले,
पेन्शनने वाढवले नाहीत.
पण तिथल्या कॅफेत बीएल नावाचा वेटर आहे.
ऑक्टोबरात आमचा बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला,
सोंगट्यांच्या जागा दोघांनीही लिहून ठेवलेल्या."
खर्च?
"दोन कॉफ्या. त्यांचे पैसे त्याने घेतले नाहीत."
म्हणजे शून्य.
"आणि एक उंट," तो म्हणाला. "उंट गेला माझा."

टॅबलेट शून्य घेईना.
लाल अक्षरांत विचारत राहिला, खात्री आहे का?
मी हो दाबलं. दोनदा.

जूनमध्ये अहवाल आला.
परदेशी काढलेल्या रात्रींची सरासरी
एका दशांशाने खाली, शेजारी लाल बाण.
साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले
आणि सप्टेंबरपासून रात्रपाळी बंद असल्याचं
त्याच पत्रात, खालच्या ओळीत, कळवलं.
त्या दशांशात कुठेतरी एक उंट पडलाय
हे सांगायचं कोणाला?
मॉरीन आता ब्लॅकपूलला, बहिणीच्या गेस्टहाउसमध्ये
चादरी बदलते. तिथे म्हणे एक खोली रिकामी नाही.
"स्पेनला न गेलेले सगळे इथे पावसात आइस्क्रीम खातायत,"
तिने लिहिलंय. "हात कमी पडतात. ये."

सांगलीहून आई विचारते, दिवाळीला येतेस ना.
मी रोज तिकिटाचा दर बघते,
घरात कोणाचा ताप बघावा तसा.

सत्तावीस.
एक वैमानिक गेला; कर्मचारी धरायचे नाहीत.
अठ्ठावीस, एक बाप.
एकोणतीस, त्याच्या खांद्यावर झोपलेलं मूल, एक मोजा गळालेला.
दरवाजा मिटला.
अंगठा बटणावर.
पलीकडून कोणीतरी बॅग ओढत येतंय,
एक चाक मोडकं.