शेंगांना विचारावं लागेल

वानाद्झोरच्या आमच्या इमारतीत
दर खोलीत एक रेडिएटर असे,
बिडाचा, सात फासळ्यांचा,
खिडकीखाली उकिडवा बसलेला.
ऑक्टोबरात तळघरातला बॉयलर पेटला
की त्याच्या पोटात गुरगुर सुरू व्हायची
आणि आई म्हणायची, चला, आले पाहुणे.

त्याच्यावर आम्ही मोजे वाळवले,
पावाची कणीक फुगवली,
एकदा एक अर्धमेलं कबुतर शेकलं.
भावानं, गारेगिननं, हिरवा मेणखडू टेकवून ठेवला
चौथ्या फासळीवर.
मार त्यानं खाल्ला. ओघळ राहिला.

आणि बोलायचोसुद्धा त्यातून.
नळी एकच, तळघरापासून पार वरपर्यंत.
चमच्याचे दोन ठोके: पाणी आलं, भरून घ्या.
तीन: रेडिओ बारीक करा.
एकच, सावकाश, रात्री नऊला,
वरच्या वार्दितेरबाईंचा:
आहे मी. झोपा तुम्ही.

मग तो हिवाळा आला, बॉयलर न पेटलेला.
मग त्याच्यासारखाच दुसरा.
जमिनीच्या फळ्या चुलीत गेल्या, मग बाबांचे जुने बूट,
आणि रेडिएटर हात लावला तर चावायचा.
विकला. भंगारात, किलोवर.
दोन पोती पीठ आलं.
बाबा नि गारेगिन जिन्यात पायरीगणिक थांबत होते,
जड म्हाताऱ्याला दवाखान्यात नेतात तसे.

तेवीस वर्षांनी गेले परवा.
बॉयलरवाला सेरोब अजून आहे,
दात सोडून सगळा.
इमारतीमागच्या उतारावर मळा केलाय त्यानं
आणि मळ्यात जिकडे तिकडे ते.
ओहोळावर दोन आडवे: साकव.
एकाच्या फासळ्यांत फावडी, कोयते, एक छत्री.
एक तिरका, कोंबड्या त्यावरून खुराड्यात चढतात.
एकावर अक्रोडाची फळी टाकून बाक.
बसले, तर बूड गारठलं.
"सवय आहे की तुम्हाला," तो म्हणाला.
एक सुटी फासळी
कोबीच्या लोणच्याच्या पिंपावर, दगडाच्या जागी.

भंगारवाल्याकडून परत आणले म्हणे, जमले तेवढे,
वोदका देऊन,
एकदा लग्नातला कोट देऊन.
का रे, विचारलं.
"लाकूड कुजतं," म्हणाला,
आणि कांद्याच्या वाफ्याकडे वळला.

उरलेल्यांचं कुंपण. एकाला एक जोडलेलं,
आणि मजल्यांच्या क्रमानं:
तळमजला फाटकाशी, पाचवा टोकाला.
मी मोजत गेले. तिसरा मजला, डावी खोली.
चौथ्या फासळीवर हिरवा ओघळ.
त्यावर घेवडा चढलेला,
सातही फटींत बोटं घालून.

येरेवानात माझ्या खिडकीखाली जागा आहे.
उबेसाठी नको, ती आता बटणावर मिळते.
नुसता असू दे, कुंड्या ठेवीन, पुस्तकं ठेवीन.
"किती घेशील याचे?"
सेरोबनं वेलाकडे पाहिलं बराच वेळ,
खरोखर हिशेब करत असल्यासारखं.
"शेंगांना विचारावं लागेल."

मग चहा झाला. अंधारलं.
तेव्हा दिसलं, पाचव्याच्या टोकातून
एक गंजकी नळी निघालीय,
भिंतीवरून चढत चौथ्या मजल्याच्या खिडकीत शिरलीय.
पाणी नाही तिच्यात, वाफ नाही.
ही कशाला, म्हणेपर्यंत

नऊ वाजले.

एकच ठोका. सावकाश.
कुंपणभर धावला तो, फाटकापर्यंत,
आणि घेवड्याची पानं किंचित हलली,
किंवा मला वाटलं.

सेरोब ढिम्म. बशीतला जर्दाळू चघळत होता.
मी ग्लासातला चमचा काढला.
त्या ठोक्याला उत्तर काय द्यायचं
हे लहानपणी कुणी सांगितलंच नव्हतं;
आम्ही फक्त झोपायचो.
हिरव्या ओघळाशेजारी दोन दिले, जे येत होते ते.

वरची खिडकी खाडकन उघडली.
"पाणी? कुठंय पाणी?"