सगळं धरून

मढच्या रिसॉर्टात शिरताना
मनगटाला केशरी पट्टी बांधली.
"ही असेपर्यंत सगळं फुकट," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.
फुकट कसलं,
आठ महिने भिशी भरलीय मी.

शाल्मली घसरगुंडीवरून अकरा वेळा आली,
नाकात पाणी, डोळे लाल,
तरी बाराव्यांदा जिना चढली.
हे कॅरमपाशी. हरत होते, उठत नव्हते.
सासूबाई प्रत्येक ताटाला विचारायच्या,
"ह्याचे वेगळे पडतात का गं?"
आणि दोन इडल्या रुमालात.

चारला जादूचे प्रयोग, पाचला मेंदी,
सहाला फेसातला नाच.
मी कशालाच गेले नाही.
खुर्ची ओढत कुंपणापाशी नेली.
पलीकडे एक बाई वलांडीवरचे बोंबील काढत होती,
वास सरळ आत येत होता.
तो यादीत नव्हता.

तासभर
कुणी मला हाक मारली नाही.

घरी आल्या आल्या सगळ्यांनी पट्ट्या कापल्या.
माझी राहिली.
परवा दूधवाला मनगटाकडे बघून म्हणाला,
"वहिनी, ॲडमिट होतात काय?"

हो म्हटलं.
एकच दिवस.