होळीपासून नवतपापर्यंत

होळीपासून नवतपा सरेपर्यंत तीन गेम संपवले.
तसे चार, पण युद्धाचा मी धरत नाही:
अकरा तास गोळ्या घातल्या, एक चेहरा आठवत नाही.
सीताबर्डीत विकून आले, त्या पैशात कूलरचा पंप आला.

निषाद जयताळ्याहून फोन करतो,
"काय वो मावशी, ईझीवरच खेळून राहिली ना?"
हो बाबा. दिवसभर झोनच्या ऑफिसात
टँकरच्या फेऱ्या लिहिते मी.
रात्री अजून कठीण कशाला.

पहिला बर्फाचा.
बाहेर रात्री अकरालाही भिंतीला हात लावता येत नाही
आणि पडद्यावर एक बाई एकटी डोंगर ओलांडते.
कूलरच्या घरघरीत तिचं बोलणं ऐकू येत नाही,
म्हणून मी तिला वाचत जाते.
पाणी संपलं की उठते, बादली भरते, ओतते, परत बादली.
तेवढा वेळ ती तिथेच उभी,
हातांवर फुंकर मारत. एकदा मागे वळून बघते.
थांब गं, आले, म्हणते मी न्हाणीतून.
घरात दुसरं कोणी नसतं, त्यामुळे लाज वाटत नाही.

खिंडीच्या तोंडाशी लाईन गेली.
सेव्ह केलं नव्हतं. दोन तासांचा बर्फ गेला.
मानेवाडा अंधारात, गच्चीगच्चीवर खाटा सरकवल्याचे आवाज,
खालून ढाकुलकर: "पूर्ण फीडर गेला बे!"
पहाटे लाईन आली तेव्हा पुन्हा चढले.
झोपेत चुकून डावीकडे वळले
आणि तिथे एक म्हातारा भेटला, पहिल्या फेरीत नव्हताच.
शेकोटीजवळ जागा करून दिली त्यानं.
बोलला काही नाही. चहासारखं काहीतरी दिलं.
शेवट आता नीटसा आठवत नाही.
बहुतेक पोचते ती.

दुसऱ्यात तळं होतं, गळ होता, बाकी काहीच नाही.
फुटाळ्यावर यापेक्षा जास्त घडतं.
तरी बसले. मासे तीनशे बारा, सगळे परत सोडले.

तिसरा नगर वसवायचा. हा मात्र हट्टानं खेळले.
इथे वर साहेब नव्हता, टेंडर नव्हतं.
आधी विहिरी, मग नळ, उरलं तर देऊळ, बाजार.
नकाशावर निळी रेघ ओढली की पाणी पोचतं,
व्हॉल्व्हमनची वाट बघावी लागत नाही.
शेवटी फटाके फुटले, अक्षरं आली: नगर तृप्त आहे.
मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, खरंच.
सकाळी ऑफिसात हुडकेश्वरच्या लांजेवारबाईंचा फोन,
"दोन ड्रम तरी द्या ना मॅडम, घरी बाळंतीण आहे."
लिहून घेतलं. त्यांच्या आधी सदतीस.

रात्री सहज उघडलं ते संपलेलं नगर.
नुसती वरून फिरत होते, घारीसारखी.
पूर्वेच्या कडेला, वीटभट्टीमागे, एक ठिपका हलताना दिसला.
जवळ गेले. डोक्यावर घागर घेतलेली बाई,
नदीवर जाते, भरते, येते, जाते.
तिच्या दारात नळ द्यायचा माझ्याकडून राहून गेला होता.
गेम संपल्याचं तिला कोणी कळवलं नव्हतं.

मग बसले. गुण वाढत नव्हते, फटाके पुन्हा नव्हते.
एकेक चौकोन करत पाईप नेला तिच्या उंबऱ्यापर्यंत.
ती नदीकडे निघाली होती, अर्ध्या वाटेत थांबली,
वळली.
तेव्हापासून दारात उभी असते, रिकामी घागर कडेवर.
दुसरं काम तिला कोणी नेमून दिलेलंच नाही.

काल निषादला दाखवलं.
म्हणाला, "बग आहे मावशी, डिलीट करून टाक तिला."
बघू, म्हटलं,
आणि कूलरसाठी बादली लावायला उठले.