पेव

सांगली जेलच्या मागच्या बराकीत
सातगोंडा मगदूम भिंतीशी बोलायचा.
भिंत उत्तर देते म्हणायचा.
आम्ही हसायचो. मीपण हसलोय,
ते आधी सांगून टाकतो.

गुन्हा : स्टँडवर एसटीची काच फोडली.
गाडी त्याचं नाव घेत होती म्हणे, शिव्या देऊन.
काचेची किंमत पंचनाम्यात अठराशे.
जामीन पहिल्याच महिन्यात झाला,
जामीनदार सव्वा वर्षात मिळाला नाही.
तारखेला गार्ड नसायचा,
गार्ड असला तर गाडी नसायची,
दोन्ही असलं की कोर्टाला सुट्टी.

मग विधी सेवाच्या नदाफ मॅडम आल्या.
काय केलंस, असं विचारलं नाही त्यांनी.
कुठं कामाला होतास, विचारलं.
तो भिंतीकडची मान वळवून म्हणाला,

"पेवात. हरिपूरला, हळदीच्या.
झाकण काढलं की लगीच उतरायचं नसतंय, बाई.
आत हवा मेलेली असतीय.
तोंड उघडं ठेवायचं. थांबायचं.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील विझला, तर माणूस सोडायचा नाही.
भाऊ माझा घाईनं उतरला."

अर्जात हे कुठं लिहिणार?
अर्जात कलम, सिव्हिलच्या डॉक्टरांचा दाखला,
तीन शिक्के, आणि मॅडमच्या अकरा खेपा.
हुकूम आला : रत्नागिरी, मनोरुग्णालय.
खाली शाईनं : बेडी नको.

आंबा घाटात धुकं.
बेडी माझ्या पिशवीत, डब्याखाली;
दर वळणाला वाजायची,
दर वळणाला तो मनगटं पुढं करायचा.
साखरप्याला गाडी थांबवून
मी ती टॉवेलात गुंडाळली.
मग झोपला. तोंड उघडं टाकून, पोरासारखा.

रत्नागिरीत सिस्टरनं विचारलं, झोप लागते का यांना?
मला सांगता येईना.
आम्ही फक्त मोजायचो त्याला,
रात्रीतून दोनदा.

वॉर्डच्या दारात तो थांबला.
वॉर्डबॉयनं दंडाला धरलं, तसा आणखीच रुतला.
मी म्हटलं, सोडा. दार उघडंच राहू द्या जरा.
आणि आधी मी आत गेलो.
दहाएक पावलं. उभा राहिलो,
त्याला दिसेल असा श्वास घेतला.
सोडला. परत घेतला.
युनिफॉर्ममधे असा मी कधी उभा राहिलो नव्हतो.

बऱ्याच वेळानं चपलांचा आवाज आला.

पोच मिळाली : इसम एक, शर्ट एक, चप्पल जोडी.
खटला चालूच आहे. पुढची तारीख चौदा.

त्या भिंतीपाशी आता दुसरा बसतो,
कवठेमहांकाळकडचा, कोवळा आहे.
परवा रात्री मोजताना
त्याला विचारलं, झोप लागते का रे?
बोलला नाही.
मी गजापाशी थांबलो थोडा वेळ.