बुधवारचा ताळा

नोव्हेंबर. चारलाच अंधार.
कुरेसारेच्या वाचनालयात, तळघरात,
सात खुर्च्या, सहा माणसं, एक कोडं.

कारेल दर बुधवारी नवी फाइल आणतो.
वय पंचविशीचं, मिशी ठेवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही.
कोडं तो रविवारी रात्री स्वतःच रचतो:
कधीच न उघडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानाची विक्री,
कुणाच्याच नसलेल्या मेंढ्यांची लोकर.
"माहिती खोटी, सराव खरा," म्हणतो
आणि फाइल मुद्दाम नासवून देतो,
पोराला निवडायला बसवायचं म्हणून
मसुरात कुणी खडे मिसळावेत तशी.

मी विर्वे. बेकरीत रात्रपाळी, बत्तीस वर्षं.
राईच्या पावाचं वजन माझ्या तळहाताला कळतं,
पण पहिल्या बुधवारी
सरासरी आणि मध्यक यांनी माझी अशी काही फिरकी घेतली
की घरी जाऊन मी नवऱ्यावर खेकसले.
तिसऱ्या बुधवारी तारखांच्या रकान्यात
एकतीस नोव्हेंबर सापडला.
सातव्या बुधवारी सूत्र पहिल्या झटक्यात चाललं.
सांगणार कुणाला? मांजराला सांगितलं.

नववं कोडं फेरीबोटीचं.
तीनशे पासष्ट ओळी, रोजचे प्रवासी.
चुकीच्या नोंदी काढा, जानेवारीची सरासरी सांगा.
उणे चार प्रवासी: काढले.
आकड्याच्या जागी कुणाचं तरी आडनाव: दुरुस्त केलं.
अठरा जानेवारी: ३.
आदल्या दिवशी नऊशे बारा, दुसऱ्या दिवशी आठशे सत्तर.
हिल्याने ओळ काढली. मी काढली.
कारेल म्हणाला, शाबास.

हेल्डुरने काढली नाही.
कुइवास्तूच्या धक्क्यावर तिकिटं फाडण्यात
त्याची हयात गेली.
"ही चूक नाही," तो म्हणाला. "वादळ होतं."

"पण काका, हे आकडे मीच टाकलेत.
सोडत काढावी तसे, यंत्राकडून."

"तू टाकले असशील.
तीन माणसं गेली हे मात्र खरं.
एक सुईण.
एक पोरगा, शवपेटीच्या पितळी कड्या पिशवीत घेऊन.
आणि एक बाई,
कशाला चालली होती ते तिने सांगितलं नाही.
तिचं तिकीट ओलं होतं, फाटेचना."

रेडिएटर कुरकुरला.
कारेल वाद घालेल असं वाटलं होतं.
त्याने खुर्ची ओढली, अठरा तारीख परत बसवली
आणि दोन्ही सरासऱ्या फळ्यावर मांडल्या:
ओळ ठेवून आठशे एकसष्ट पूर्णांक चार,
काढून आठशे नव्वद.
मधे अठ्ठावीस पूर्णांक सहा माणसांचा फरक.
"यातला पूर्णांकापुढचा सहा कोण?"
हिल्याने विचारलं, आणि हेल्डुरसकट सगळे हसलो.

दहाव्या बुधवारी फाइलमध्ये
शेवटी एक नवा रकाना होता.
शेरा.
वरपासून खालपर्यंत कोरा.
कारेल त्याविषयी काही बोलला नाही,
आम्हीही विचारलं नाही.

त्या रात्री मी बेकरीच्या जुन्या वह्या काढल्या,
मालकाने फेकून दिलेल्या, मी उचलून आणलेल्या,
आणि कारेलने शिकवलं तसं
एकेक पान टंकायला बसले.
दोन बोटांनी. चष्मा दोनदा पुसून.
पाव चारशे दहा, चारशे पाच, चारशे वीस.
मग एकोणनव्वदचा ऑगस्ट, तेवीस तारीख:
शून्य.

हात सवयीने ओळ पुसायला गेला.

भट्टी बिघडली नव्हती.
पीठही संपलं नव्हतं.
आम्ही सगळ्या बोटीने पलीकडे गेलो होतो,
मुख्य भूमीवर,
एका लांबच लांब रस्त्याच्या कडेला
अनोळखी माणसांचे हात धरून उभं राहायला.
माझ्या डाव्या हातात एका शिक्षकाचा हात होता,
खडूने कोरडा पडलेला.
उजवा कुणाचा होता ते आता आठवत नाही.

शून्य राहू दिलं.
शेजारी शेऱ्याचा रकाना उघडला.
अजून काही लिहिलेलं नाही.
रकाना अरुंद आहे.